कोऱ्या फितीचं देणं

नुर्मेसमध्ये तळ्याकाठी माझं दुकान.
बॅटऱ्या, इस्त्रीच्या वायरी, दुरुस्तीला येऊन राहून गेलेले रेडिओ,
आणि पाठीमागच्या फळीवर कोऱ्या कॅसेटी.
साठ मिनिटांच्या, नव्वद मिनिटांच्या.
किमतीत कर धरलेला, दर मिनिटामागे इतके पेनी,
वाजो न वाजो.
कुणी विचारलं तर मी सांगते,
तुम्ही घरी गाणी उतरवून घेता ना, त्याची ही भरपाई, गाणाऱ्यांना.
सांगताना सुटे पैसे मोजत राहते.

ताइस्तो लाकडाचा ट्रक चालवतो, आठवडा आठवडा बाहेर.
लेम्पीची दृष्टी गेली त्याला चार वर्षं झाली.
दर रविवारी तो तिच्यासाठी पेपर वाचून ठेवतो टेपवर:
बातम्या, बटाट्याचे भाव, कोण वारलं,
कुणाला सौनाची जुनी शेगडी विकायची आहे.
"मी कुणाचं गाणं चोरलं?" त्याच्या मिशीतला बर्फ
माझ्या काउंटरवर गळत होता.
"हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."
मग पुरावा म्हणून खिशातनं कॅसेटच काढली. "लाव. ऐक."

लावली.
त्याचा खर्जातला आवाज, अडखळत, पान उलटल्याची सळसळ,
कपात चमचा,
आणि त्या सगळ्यामागे, भिंतीपलीकडून यावा तसा,
एक अकॉर्डियन.
"ते काय?"
"रेडिओ. बंद करायचा राहिला.
ते मी भरलेलं नाही. ते आपणहून आलंय."
मला हसू आलं. त्याला आलं नाही.
तेवढ्यात टेपवर तो खोकायला थांबला,
आणि त्या फटीतून निवेदिका म्हणाली:
वॉल्ट्झ होता, अकॉर्डियनवर सुलो हाकुलिनेन.
मग पुन्हा बटाटे.

त्यानं कराचे पैसे दिले, शिव्या घालत, पेनी न् पेनी.
मी पुढचं गिऱ्हाईक घेतलं. हात थंड पडले होते.

सतरा वर्षांची होते. खाटेवर रेडिओ, मांडीवर टेप,
दोन बोटं दोन बटणांवर, श्वास रोखून.
निवेदिका गप्प होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं.
गाणं संपलं की ती तोंड उघडायच्या आत सोडायचं.
गाणं स्वच्छ हवं होतं मला. बडबड नको.
"आत्ता आपण ऐकलंत," आणि खट्.
तो खट् अजून आहे फितीवर.
त्या वॉल्ट्झवर मी दोन मुलं झोपवली,
एक नवरा सहन केला,
आणि कुणाचा तो, हे विचारायचं सुचलंच नाही.

मार्चमध्ये सुलो स्वतः आला.
करवतीच्या कारखान्यात दोन बोटं गेलेला,
शेवटच्या घरात राहणारा, हा तो सुलो, हे कुणाच्या डोक्यात!
हातात लिफाफा, चश्मा घरी विसरलेला.
"वाच बाई. बिल आहे का?"
बिल नव्हतं. एकेचाळीस मार्क पंधरा पेनी, जमा.
"दिले कुणी?"
कुणी असं नाही, मी म्हटलं. सगळ्यांनी.
"सगळ्यांनी म्हणजे कोण?"

काय सांगू?
ताइस्तोचे बटाटे. पाद्रीबाबांची प्रवचनं.
तळ्यावर बर्फ फुटतो तो आवाज भरणारी शाळेतली बाई.
ज्यांनी तुमचं काहीच घेतलं नाही
त्यांच्या कोऱ्या मिनिटांचा चुरा,
वाटत वाटत खाली आलेला.
"लोक ऐकतात तुम्हाला," एवढंच म्हटलं.
त्यानं बोटं नसलेला हात खिशात घातला.

मग म्हणाला, एक कोरी कॅसेट दे. साठची पुरे.
"काय भरणार?"
"बघू."
"यातले काही पेनी फिरून तुमच्याकडेच येतील, पुढच्या वर्षी."
"मग घाई नाही," म्हणाला.

पूर्ण किमतीला विकली.
सूट दिली असती, तर का ते सांगावं लागलं असतं.