डांगराचा तह

अंबडच्या शेडमध्ये साडेबाराला भोंगा होतो
आणि लेथ गप्प झाली की
बोरोलेचं तोंड सुरू होतं.

"पिंगळे भो, भरीत आणेल आहे,
हात धुऊन ये."

आणेल आहे.
आणलंय नाही, आणलेलं आहे नाही.
पहिल्या वर्षी मी फार हसायचो:
अरे, आणेल म्हणजे उद्या आणेल ना,
आज काय खायचं?
तो नुसता डबा उघडायचा.
वास पुढे यायचा,
व्याकरण मागे राहायचं.

हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली,
बडजीत ठेचलेली, वर कांद्याची पात,
सोबत कळण्याची पुरी.
मी चौथी पुरी उचलत म्हणायचो, "बरंय."
नाशकात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही,
पण हे त्याला कशाला सांगा.

मेमध्ये आम्ही पंख्याखाली वितळायचो, तो म्हणायचा,
"याला ऊन म्हणता?
एवढं तर आमच्या जळगावात
सकाळी दूधवाला घेऊन येतो."

एका रविवारी मी त्याला मखमलाबादच्या पुढे नेलं.
द्राक्षबागेच्या कडेला, चुलीवरची मिसळ,
काळा मसाला, वर पापड, बाजूला दही.
शहराची अब्रू ताटात वाढून
मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो.
त्याने पापड मोडला. पाव बाजूला सारला.
"शेवभाजीच आहे रे भो,
कुणीतरी मटकी सांडेल आहे."

मी सोमवारपर्यंत बोललो नाही.
रस्सा त्याने तीनदा मागवला होता,
तेही मोजून ठेवलं.

परत येताना म्हणालो होतो, चल, गंगेवर जाऊ.
"गंगा? शाळेत नकाशा नाही पाहेल का तू?"
आता याला काय सांगायचं?
गोदावरी नकाशात असते.
गंगेवर बुधवारचा बाजार भरतो.

अकरा वर्षं हे असंच.

मग चाकणहून तपासणीला ढमढेरे मॅडम आल्या,
सहा महिन्यांसाठी, खिशात व्हर्नियर,
आणि तिसऱ्या दिवशी आमच्याच टेबलावर बसल्या.
कँटीनमध्ये भाजी होती.
मी वाटी सरकवली: "घ्या ना, डांगर आहे."

त्यांनी वाटीत वाकून पाहिलं,
जॉब पाहतात तसं.
"हा लाल भोपळा.
डांगर म्हणजे उडदाचं. दही, हिंग, वर फोडणी."

बोरोलेने चमचा खाली ठेवला.
मी त्याच्याकडे पाहिलं.
"डांगर," मी म्हणालो.
"डांगरच," बोरोले म्हणाला.
"आणि काल जे घोसाळं म्हणालात ना,
ते गिलकं," मी.
"गिलकंच. कधीपासून!" तो.

भरीत, मिसळ, ऊन, गंगा,
सगळ्या फाइली एका क्षणात बंद.
आम्ही खांद्याला खांदा लावून
एका भोपळ्यामागे उभे राहिलो.

मॅडमनी शांतपणे भाजी संपवली.
"मग पापडाच्या त्या पिठाच्या पदार्थाला
तुम्ही काय म्हणता?"

आम्ही दोघे गप्प.
पलीकडच्या टेबलावरचा गांगुर्डे मोठ्याने हसला.

सोमवारी त्यांनी स्टीलच्या डब्यातून आणलं,
त्यांचं डांगर.
मऊ, हिंगाचं, आंबटसर,
भाकरीबरोबर, बोलायला फारसं काही न ठेवणारं.
बोरोलेने बोट चाटलं,
छताकडे बघितलं,
आणि माझ्याच आवाजात म्हणाला,
"बरंय."

मॅडमचा चेहरा पडला.
त्यांना कोण समजावणार?
मी काहीच बोललो नाही,
डबा तेवढा माझ्याकडे ओढला.

संध्याकाळी घरी पिशवी ओट्यावर टेकवली.
बायको म्हणाली, "भाजीचं काय?"
"डांगर आणेल आहे."

ती थांबली. पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधी?"