पोटभाडं

शारजात, रोल्लाच्या मागच्या गल्लीत
एका हॉलमध्ये प्लायवूड ठोकून
परकारनं सहा खाटा केल्या होत्या.
फ्लॅट त्याचा नव्हता, मोईदूचा होता,
मोईदूकडे तो एका अरबाकडून आलेला,
आणि अरब राहतो कुठे
हे वॉचमनलाही माहीत नव्हतं.

दाराजवळची खाट माझी.
तिच्यावर मांडी घालून मीही पोटभाड्याचाच धंदा काढला:
कुठल्याशा थंड देशातल्या मशीनवरची जागा
घाऊक घ्यायची, तुकडे पाडायचे,
वर पाटी लावायची आपली.
दीपस्तंभ होस्टिंग.
अरबी जिभेला स्तंभ झेपेना,
म्हणून मी दीपभाई झालो.

वर्षभरात चौसष्ट गिऱ्हाइकं.
अबाया शिवणारा, टायपिंग सेंटरवाला,
घुवैरचा अत्तरवाला,
धक्क्यावर दोरखंड विकणारा याकूब तांडेल.
समोरच्या इमारतीतला बिजॉय बारा दिरहम घ्यायचा,
म्हणून मी नऊ.
त्यानं सात केले, मी सहा.
सहात काय काय मिळेल, असं कुणी विचारलं
की म्हणायचो, अमर्याद.
परकार कांदा चिरत ऐकत होता.
"सहा खाटांच्या घरात बसून
हा शब्द कसा रे येतो तुझ्या तोंडात?"

रात्रपाळीवाल्याची खाट
दिवसा दुसऱ्याला द्यायची,
हा हिशेब सगळी गल्ली करायची.
परकार करायचा नाही. सातव्याला दारातून परत पाठवायचा,
चहा पाजून.
माझा मात्र तोच हिशेब:
सगळे एकदम झोपायला येणार नाहीत.

आले.
रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आले.
अबायावाल्याकडे झुंबड, अत्तरवाल्याकडे झुंबड,
पानं उघडेनात.
थंड देशातल्या मालकाला लिहिलं,
उत्तर यंत्राचं आलं: आम्ही पाहतो आहोत.
ते पाहत राहिले.
चौथ्या दिवशी डिस्क गेली, मागोमाग मालक गेला.
त्याच्याही वर कुणी मालक होता म्हणे.
आणि राखीव प्रत?
ती त्याच मशीनवर.
किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं, तशी.

फोन वाजत राहिला.
मी तो उशीखाली सरकवला.
भावाच्या चुका, जागेच्या चुका
कुणालाही सांगतो, चहावर.
उशीचं आजच सांगतोय.

त्याच रात्री आमचा एसी बसला.
भिंतीला हात लावला तर तवा.
एसी परकारचा नव्हता, वीजही त्याची नव्हती.
दिवसभराचा रोजा अंगावर,
तरी तो बर्फाच्या चार पिशव्या घेऊन आला,
पंख्यासमोर घमेलं ठेवलं,
खाटेखाटेशी जाऊन बोलला:
"मिस्त्री बुकरा म्हणतोय,
म्हणजे परवा धरा. मी इथंच आहे."
आणि दारात चटई टाकून झोपला,
माझ्या पायाशी.
त्या महिन्यात एकही खाट रिकामी झाली नाही.

पहाटे उशीखालून फोन काढला.
एकोणपन्नास मिस्ड कॉल.
पहिला लावला तांडेलला.
"साइट गेली ते कळलं, दीपभाई.
मला वाटलं, तूच गेलास."

आता अकरा गिऱ्हाइकं, तीस दिरहम.
अमर्यादच्या जागी आकडा आहे, छोटासा.
बिजॉयनं दुकान गुंडाळलं, तो कुवेतला असतो.
दर गुरुवारी रात्री प्रती काढतो,
एक दुसऱ्या देशात,
एक खाटेखालच्या ट्रंकेत, लोणच्याच्या बरणीशेजारी.
वर्षातून दोनदा उघडून बघतो, खरंच उघडतात का.
मालक नवा आहे. तोही कुणाचा तरी भाडेकरू असेल,
पण रात्री तीनला माणूस बोलतो.

अबायावाला परतला.
अत्तरवाला नाही.
त्याच्या दुकानाशी आलो
की मी रस्त्याची पलीकडची बाजू धरतो.
वास तरी येतोच.