अंगठा

ओटीच्या नळाशी तीन बाटल्या, सहा आठवडे.
एक तपकिरी, आयोडीनची.
एक गुलाबी, क्लोरहेक्सिडीनची.
आणि एक बिनरंगी, अल्कोहोलची,
जिला ना पाणी लागतं ना ब्रश.
ग्लोरिया सिस्टरने भिशीसारख्या चिठ्ठ्या काढायला लावल्या.
तांबवेकर सरांना बिनरंगी,
मला आधी तपकिरी.

तपकिरीने नखांच्या कडा
तंबाखू मळल्यागत होतात.
दुसऱ्या आठवड्यात पेरांना भेगा.
फॉर्मवर रकाने चार: कोरडेपणा, लाली, खाज, भेगा.
आगीला रकाना नव्हता.
मी ती समासात लिहिली.

केस संपली की ग्लोव्हज उतरवायचे
आणि पाची बोटं जेलीच्या ताटलीवर टेकवायची,
हलक्या हाताने, तान्ह्याच्या टाळूला लावावीत तशी.
दोन दिवसांनी ताटलीत माझा हात उगवायचा,
ठिपक्याठिपक्यांनी.
ग्लोरिया पेनाने मोजायची, ओठ हलवत.
तपकिरीचे एकवीस.
गुलाबीचे पाच.
ती गुलाबी ग्लोव्हजखाली तासन्‌तास टिकते म्हणे,
पाहुणी नव्हे, भाडेकरू.
माझे मात्र पाचव्या आठवड्यात पुन्हा चौदा झाले.
मी म्हटलं, धुण्यात कसूर नाही हो माझी.
ती म्हणाली, ठाऊक आहे. तू जास्तच घासतेस.
फाटलेल्या कातडीत त्यांना घरं मिळतात.

ताटलीत इतका स्पष्ट उमटणारा माझा अंगठा
गेटवरच्या मशीनला दिसेना.
लाल दिवा. पुन्हा. लाल दिवा.
वॉचमन जयसिंग रजिस्टर उघडतो,
शेरा मारतो: हजर, पण अंगठा नाही.

गुरुवारी ऐरोलीला पाणी बंद.
टाकीत घोटभर, आणि रात्री रबाळ्याहून
टेम्पोवाला, अपेंडिक्स फुटलेलं.
सरांनी बिनरंगी बाटली पुढे सरकवली,
म्हणाले, फॉर्म उद्या भरू.
तळहातावर पहिली धार पडली
आणि कोपरापर्यंत मिरची चढली.
बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, मनगटाभोवती,
वाळेपर्यंत चोळायचं, पुसायचं नाही.
मी मोजत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.
तेवढंच काय ते पाणी त्या रात्री.

घणसोलीला आई जागी.
दाखव गो हात, म्हणाली.
मग माझी बोटं स्वतःच्या मांडीवर घेऊन:
मना ठाव हाय ही आग.
तेवीस वर्षं मिठागरात. फावडं, खारं पाणी, ऊन,
आणि भेगांत शिरलेलं मीठ.
तिने खोबरेल गरम केलं.
ड्युटीआधी तेल चालत नाही, आई,
तेलाने ग्लोव्हजचं रबर कुजतं.
मंग निजताना लाव, म्हणाली,
आणि बाबांचे जुने मोजे माझ्या हातांत चढवले.

शेवटी बिनरंगीच राहिली.
तिच्यात म्हणे मलमासारखं काही मिसळलेलं असतं,
भेगा बुजल्या की मग ती झोंबत नाही.
ब्रश सगळे ग्लोरियाने पेटीत भरून दिले,
लादीला वापरा म्हणाली मावशींना.
(त्यांच्या हातांचा फॉर्म कुणी भरला नाही.
मी विचारलं. पुढच्या वेळी, म्हणाली.)
अकराव्या दिवशी मशीनवर हिरवा दिवा.
जयसिंगने टाळी दिली.

रविवारी आईबरोबर रेशनला.
दुकानात तसंच मशीन, जरा लहान.
आईने अंगठा ठेवला. लाल.
पदराला पुसून ठेवला. लाल.
मग दुसरा हात, मग तर्जनी,
मागे रांग कुरकुरू लागलेली.
मिठागरावर भराव पडला त्याला जमाना झाला,
तिचा अंगठा अजून परत आलेला नाही.

दुकानदार पोरगा चांगला होता, आवाजही मऊ.
म्हणाला,
आजी, जरा हात स्वच्छ धुऊन या.

आईने माझ्याकडे पाहिलं
आणि आम्ही दोघी रेशनच्या रांगेत
डोळे पुसून पुसून हसलो.