रकाना क्रमांक सात

सुतळीच्या दुकानावरची आमची खोली.
जिन्याच्या नवव्या पायरीला पुराच्या पाण्याची रेघ,
दोनदा रंगवली, तरी वर येते.
टेबलावर लॅपटॉप, संध्याकाळचे सात,
आणि अर्जातला सातवा रकाना :
‘गरज अडीचशे शब्दांत स्पष्ट करा.’
मुदत आज रात्री बारापर्यंत.

मी लिहिलं होतं :
हळद निवडणाऱ्या एकशे चाळीस महिलांची कुटुंबे
अत्यंत अस्थिर, असुरक्षित व वंचित आहेत.
चौगुले सर सांगून गेलेत,
देणगीदार घाईत असतो,
पहिल्याच ओळीत त्याचा हात धरायचा.

मालन ऐवळे संमतीपत्रावर सही करायला आली,
मार्केट यार्डातनं थेट,
नखांच्या कडांना हळद.
म्हणाली, वाचा की मोठ्यानं.
वाचलं.
ती थोडा वेळ पंख्याकडं बघत राहिली.
“अस्थिर कोन वो, मॅडम?
सोळा वर्सं त्याच चाळणीम्होरं बसतोय मी.
मी न्हाई हलत. हजेरी हलतीया.”

खोडलं.
मग काय लिहू, विचारलं,
तर पिशवीतनं तिनं घडी घातलेला ऑगस्ट काढला,
कॅलेंडरचं पान, तेलाचा डाग पडलेलं.
तीन तारखेला भिशी. नऊला गॅस.
अकरा, बारा, तेरा : सौदा बंद.
चौदाला ‘फी’, त्यावर काट.
वीसला ‘फी’, त्यावर काट.
सत्तावीसला पुन्हा ‘फी’, पोराच्या अक्षरात.
“बुडवली न्हाई,” ती म्हणाली, “सरकवली.”

एवढंच तर मांडायचं होतं मला.
पैसा येतो त्या दिवशी गरज नसते,
गरज येते त्या दिवशी यार्डाला कुलूप.
चार पानांची प्रस्तावना मी कशासाठी लिहीत बसले होते
कोण जाणे.

नववा रकाना, उपक्रम :
दर बुधवारी सकाळी अकराला
आर्थिक साक्षरता प्रशिक्षण.
इथं मात्र ती हसली, तोंडाला पदर लावून.
“अकराला? आनि माजी हजेरी
तुमचा देनगीदार भरनार व्हय?”

मग आम्ही दोघी अंदाजपत्रकावर बसलो.
फ्लेक्सचे नऊ हजार काढले.
वेळ साडेसहा, जागा यार्डाच्या गेटाजवळ,
पोरांसाठी दोन सतरंज्या,
अल्पोपहार म्हणजे भडंग, तिखट बेतानं.
अडीअडचणीचा फंड : घरटी दोन हजार,
तीन दिवसांत मिळणारा, एकाच सहीवर.
ती म्हणाली, तीन न्हाई, दोन दिवस लिवा,
तिसऱ्या दिवशी मानूस दुसरीकडं जातं.

अपेक्षित परिणाम, मोजता येईल असा :
वर्षाअखेर किमान साठ घरांत
फीच्या तारखेवर काट नसेल.
‘सक्षमीकरण’ हा शब्द मी ठेवला होता एका कोपऱ्यात,
तो तिच्या नजरेला पडला नाही,
माझ्या पडला.
काढला.

जोखीम या रकान्यापाशी मी थांबले.
“त्यात काय इचार करायचा,” मालन म्हणाली,
“जिना दावा त्यास्नी.”
फोटो काढला नवव्या पायरीचा.

सही ती सावकाश करते.
मा. मग ल. मग जरा श्वास घेऊन न.
निकाल कधी, विचारलं तिनं.
नोव्हेंबरात, म्हटलं.
तिनं हातातलं पान उलटसुलट केलं.
“नोव्हेंबर घरी हाय,” म्हणाली,
आणि चप्पल पायात सरकवून जिना उतरली.

बाराला अठरा मिनिटं कमी असताना अर्ज गेला.
अडीचशेतले एकोणीस शब्द उरले होते,
भरले नाहीत.
संमतीपत्राच्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला होता.
आमच्या स्कॅनरला रंग कळत नाहीत,
तिकडं तो करडा डाग दिसेल.
कोरा कागद घेऊन पुन्हा सही मागायची
वेळ होती खरं तर, यार्ड काही लांब नाही.
मी नाही गेले.