उपासो वेळीपचा अर्ज

चावडीवर, मामलेदार कचेरीसमोरच्या बदामाखाली
माझं टेबल. अर्जाला पन्नास रुपये,
जमिनीचा असेल तर सत्तर,
कारण त्यात भाऊ फार असतात.

उपासो वेळीप गावडोंगरीहून पहिल्या बसने आला.
मांडीवर परवान्याची वही, युरियाच्या पिशवीत गुंडाळलेली.
ठासणीची बंदूक, एकनळी, पीकसंरक्षणासाठी.
वहीत बापाचं नाव, ते खोडून त्याचं,
आणि कुठेच चेहरा नाही.

नव्या नमुन्यात उजव्या कोपऱ्यात चौकोन.
फोटो चिकटवावा. सही अशी की
अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर.

तो म्हणाला, हे व्हायचं नाही.
ज्याच्या हातून देवाला पाणी जातं
त्याचं तोंड कागदावर उतरवायचं नाही,
आमच्या घरात असंच. बापाचं नाही, आज्याचं नाही.
"मग मेल्यावर आठवतात कसे?"
"नाकावरून. माझं बघा की."
बघितलं. मोठं नाक होतं.
"आणि रेशन?"
"सुनेच्या तोंडावर येतं."

मग विकून टाका, मी म्हटलं.
शेजारचा सिप्रियान घ्यायला तयारच होता,
त्याचा चेहरा बँकेत, पंचायतीत,
फोटोवाल्याच्या काचेत लग्नाच्या सुटात.
बोलणीही झाली होती: सात हजार,
आणि दर साल काजूच्या हंगामात एक कळसो हुर्राक.
पण बंदूक म्हणजे म्हैस नव्हे,
दावं हातात दिलं की सुटलो.
जिल्हाधिकाऱ्याला आधी लेखी कळवायचं,
पंचेचाळीस दिवस थांबायचं,
घेणाऱ्याला परवाना हवा,
आणि विकणाऱ्याची ओळख पटायला
"पुन्हा चौकोन?"
पुन्हा चौकोन.

ठेवायला तोंड लागतं, सोडायलाही तोंड लागतं.
बराच वेळ तो गळलेल्या पानावर
नखाने रेघा ओढत बसला.
म्हणाला, कौल लावतो.

सोमवारी आला.
उजवी पाकळी पडली तर फोटो, डावी पडली तर नाही.
"कुठली पडली?"
"दोन्ही चिकटून राहिल्या. दुपार टळेपर्यंत बसलो.
देवानेही मुदत मागितली."
किती दिवसांची, मी विचारलं.
हसला नाही.

तेवढ्यात निवडणूक लागली.
बंदुका ठाण्यात जमा करा, हुकूम निघाला.
रांगेत डॉक्टरची दुनळी, भाटकाराची विलायती,
आणि उपासोची, नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा
लहान मुलाच्या कानात घालतात तसा.
हवालदाराने पावती फाडली: नंबर, तारीख, अंगठा.
उपासोने ती उलटून पाहिली,
मागच्या बाजूलाही चौकोन नव्हता.

मतमोजणी झाली, रस्त्यावरचे कागद झाडले गेले,
बंदूक न्यायला तो आलाच नाही.
अर्जावर फोन नंबर माझा, म्हणून ठाण्याचा फोन मला:
म्हाताऱ्याला सांगा, इथे गोदाम नाही.

गेलो गावडोंगरीला.
डुकरांनी रताळ्यांचे वाफे नांगरून काढले होते.
रात्री हे पत्र्याचा डबा बडवतात, सून म्हणाली,
पलीकडून सिप्रियान फटाके लावतो,
आणि डुकरं मधल्या बांधावरून जातात.
भिंतीवर दोन खुंट्या,
त्यांच्यामध्ये मातीचा लांब फिकट पट्टा.

निरोप सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकला.
"फोटो बंदुकीचा घ्या म्हणावं.
ती कुठे देवाला पाणी घालते?"

निघताना माझे पन्नास दिले,
वर शेरभर अळसांदे,
निवडून घ्या म्हणाला, काहींना दात लागलेत.

अर्ज अजून माझ्या खणात आहे.
चौकोन सोडून सगळे रकाने भरलेले.
'कोणत्या पिकासाठी' इथे मी 'रताळी' लिहिलं होतं,
तेवढं आता खोटं झालं.