मधोमध बसा, साहेब

मधोमध बसा, साहेब.
कडेला टेकू नका, कडा पत्र्याची आहे, कापते.
बूट काढून मांडीवर घ्या. पिशवीही.
कागद भिजले तर तुम्हालाच पुन्हा यावं लागेल,
आणि सोसाट्याच्या वाऱ्यात मी माणूस नेत नाही,
फक्त पीठ नेते.

ते उंबरटेक. दिसतं तेवढंच.
एकोणीस घरं, सोलरचा एक खांब,
शाळेची खोली, तिच्यात यंदा सात पोरं.
सातवं माझ्या नणंदेचं, चारच वर्षांचं,
शाळा बंद पडू नये म्हणून बसवलंय.
झोपतं बिचारं फळ्याखाली.

तुमच्या कागदात बेटाचा रकाना नाही म्हणता.
मग डोंगर लिहा.
आम्ही डोंगरच होतो, पाणी नंतर आलं.
सासरा माझा नांगराचा माणूस,
मरेपर्यंत वल्ह्याला रुमणं म्हणायचा.

आता आपण खळ्यावरून चाललोय.
वाकू नका, काही दिसत नाही.
मे महिन्यात वर येतं,
तिवड्याचा खुंट अजून उभा आहे.
वीस-बावीस दिवस चिखल वाळतो, आम्हाला रस्ता फुटतो,
सगळी लग्नं त्यातच उरकतो.
होडीत बसून सून येत नाही.
मुलीकडचे म्हणतात, पोर द्यायची आहे, बुडवायची नाही.
माझा बाप तसं म्हणाला नाही.
मी दिवाळीनंतर आले, पाणी काठोकाठ,
ट्रकच्या ट्यूबवर बसून,
नवं लुगडं डोक्यावर गुंडाळून.

नाव झिमा लिहा. झिमाबाई नको.

रेंज आहे ना. त्या सादड्याखालच्या दगडावर उभं राहिलं की येते.
त्या दगडालाच आम्ही टॉवर म्हणतो.
एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.
रोहिदास माझा अंबडला, कंपनीत नटांना मुलामा देतो,
पाच जणांत एक खोली.
पहिल्या महिन्यात फोन आला,
आई, नळ सोडलाय, ऐक.
ऐकलं.
आपलंच आहे का रे?
म्हणाला, वास वेगळा येतो, पण असेल.
त्या रात्री उगवतीला नाशिकचा उजेड बघत बसले,
ढगाला खालून पिवळा लागलेला.
एवढं पाणी पिऊन हे शहर झोपत का नाही?

मागच्या महिन्यात दुसरे साहेब आले, गॉगलवाले.
तंबू टाकणार म्हणाले, आत पलंग, बाहेर द्राक्षाची दारू,
पोरांना कामं.
मावशी, तुम्ही ह्याच होडीत, नऊवारी नेसून!
म्हटलं, आणि पीठ?
हसले. मी विनोद केला नव्हता.
पण खरं सांगू, रात्री हिशोब केला.
माणशी पन्नास, दिवसाला दहा माणसं.
बोटांवर केला, मग पुन्हा पहिल्यापासून.
नवऱ्याला बोलले नाही.
तुम्हाला सांगते, कारण तुम्ही जाणार.

ते शेवटचं काय वाचलंत?
भविष्यातील अपेक्षा.
एवढीशीच जागा?
दीपाला विचारा, धाकटीला. नर्स होणार म्हणते.
परवा चिलापी फाडून
काळीज कुठं असतं ते सगळ्यांना दाखवलं,
मग आम्ही ती तळून खाल्ली.
शिकून परत येणार का, ते विचारू नका.
मी विचारत नाही.
नवऱ्याला, नवसूला विचाराल तर तो म्हणेल, पूल.
मी आल्यापासून पूलच म्हणतोय.
पूल झाल्यावर मी काय करायचं,
हे त्याच्या डोक्यात आलं नाही अजून.
माझ्या येतं. कधीकधी.

थांबा, उठू नका. अजून कमरेइतकं आहे.
हां, आता. पाय तिरका टाका, चिखल धरून ठेवतो.
मी पलीकडे जाते, दळण राहिलंय.
काम झालं, वारा पडला, की इथंच या.
हाका मारू नका, ऐकू येत नाहीत.
पांढरं काहीतरी हलवा.
तो कागद चालेल.