ठराव क्रमांक सात

होळीच्या आदल्या गुरुवारी सभा भरली
दांडिया बाजारात, क्लबच्या गच्चीवर;
खोलीत बसायला फडणीस डॉक्टरांनी मनाई केली होती.
खुर्च्या सहा-सहा फुटांवर, टेपनं मीच मोजून मांडलेल्या.
शेव-उसळ आली तेव्हा
सगळे एका टेबलाशी जमले.
खजिनदार दिघ्यांनी वरून तर्री मागितली.

विषय एकच. नैरोबीचा संघ येऊ द्यायचा की नाही.
सव्वीस खेळाडू, दोन सामने,
अलकापुरीतल्या हॉटेलला आगाऊ रक्कम दिलेली.
मी सहचिटणीस, इतिवृत्त लिहीत होतो.

पारेखभाई म्हणाले, लग्नं चालू आहेत, मतदान झालं,
मंगळबाजारात पाय ठेवायला जागा नाही,
मग आपणच कशाला दार लावायचं?
डॉक्टर म्हणाले, आधी सिलिंडर मोजून या, मग बोला.
या खेळात पुढे जायचं तर चेंडू मागेच द्यावा लागतो.
निर्णयही आम्ही तसाच दिला :
अध्यक्षांनी उपाध्यक्षांकडे, त्यांनी दिघ्यांकडे,
दिघ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कुणीतरी विचारलं,
थोडं अंतर राखून नाही का खेळता येणार?
कोच दुलारसिंह तेव्हा हसले, सबंध सभेत एकदाच.
आठांसमोर आठ, खांद्यात खांदा रुतवून,
कानाला कान सोलत,
समोरच्याचा उच्छ्वास आपला श्वास करून
जो खेळ सुरू होतो,
त्यात अंतर घातलं तर, साहेब,
नुसतं गवत उरतं.

जिन्यात रंगीत राठवा उभा होता.
छोटाउदेपूरचा; ओरसंगच्या वाळूचे ट्रक भरून
कमावलेली मान.
हातात पासपोर्ट, नवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
अरे, घरच्या मैदानावर पासपोर्ट कशाला?
म्हणाला, लागत नाही, माहीत आहे.
खेळलो तर पुढे लागेल.

मी हात वर केला. दौरा व्हावा म्हणून.
हे इथं लिहून ठेवतो, कारण मे महिन्यात
जो तो म्हणत होता, मी तर विरोधातच होतो.
माझा हात पाहून दिघ्यांनीही वर केला.
पाच विरुद्ध चार.

धुळवडीनंतर मैदानावर फक्की मारली.
बावीस मीटरची रेघ जरा वाकडी आली,
उद्या सरळ करू म्हणालो.
उद्या नैरोबीहून दोन ओळी आल्या : येत नाही, क्षमस्व.
आमच्या गावची बातमी
तिकडे आमच्याआधी पोचली होती.
ठराव आम्ही रद्द केला नाही. करायला सभाच झाली नाही.
कागदावर तो आजही संमत आहे.

दिघे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात.
मुलगा टोरांटोला, फोनच्या चौकटीत.
खासवाडीत ओटे भरलेले, मोकळ्या जमिनीवर लाकडं रचलेली,
गाडीपासून तिथवर चाळीस पावलं
आणि उचलायला माणूस नाही.
दुलारसिंहांनी कुणाकुणाला फोन केले ठाऊक नाही.
चौघे आले, पांढऱ्या पोशाखात, ओळखू येईनात.
एकाची मान मी ओळखली.

कोच लांबून, मास्कमधून, सवयीनं ओरडले :
वाका.
बांधा.
आणि तिसरा शब्द त्यांना सापडेना.
पोरांनी तोवर उचललं होतं.

परतताना रंगीतनं फाटकाशी टोपण काढलं.
सामना संपल्यासारखा घामानं निथळत होता.
साहेब, पुढल्या वर्षी येतील ना ते?
मी हो म्हणालो,
कशाच्या जोरावर, ते विचारू नका.

हॉटेलनं आगाऊ रक्कम परत केली नाही.
तीन पत्रं पाठवली, नरम भाषेत.
दिघे असते तर जाऊन भांडले असते,
पैसे घेऊनच उठले असते,
वर चहाही प्यायला असता त्यांचाच.